मारुती ८०० चं हेड पॅकिंग, उद्यमनगरातलं फेसिंग आणि आमचे मेस्त्री : सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग गोष्ट. हेड पॅकिंग म्हणजेच हेड गॅस्केट, इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्या मध्ये बसतं ते. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी : पॅकिंगचा ब्रँडेड सेट, पाचपैकी साडेचार. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला हेडवाला, पाचपैकी पाच, डोळे झाकून. आमचे मेस्त्री, कामाला पाच आणि वेळेला दीड, सरासरी तुमची तुम्ही काढा. आणि याच्या आधी जिथं हेच गॅस्केट बदलून घेतलं होतं ते मोठ्या बोर्डाचं, एसी वेटिंग रूमवालं गॅरेज, त्याचं नाव इथं घेत नाही, पण त्यांनी काय केलं नाही ते मात्र सगळं सांगणार आहे कारण त्यातच खरी गंमत आहे.

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, वडिलांनी नवी कोरी घेतलेली, आणि घरात नंतर दुसरी गाडी आली तरी हिला हात लावायची कुणाची टाप नाही. इंजिन ते सुझुकीचं एफ-एट-बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ८०० बनायची बंद झाली जानेवारी २०१४ ला, पण हेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं त्यामुळं पार्ट्सची अजिबात बोंब नाही, उलट स्वस्तात मिळतात. फक्त दुकानात गेल्यावर नुसतं "आठशे सीसीचं हेड पॅकिंग द्या" म्हणू नका. जुनी अल्टोपण ७९६ सीसीच, पण तिचं हेड बारा व्हॉल्व्हचं आणि आपलं सहा व्हॉल्व्हचं, काउंटरवरचं पोरगं नवीन असलं की अल्टोचं काढून हातात देतंय. गाडीचं साल सांगा, कार्बोरेटर का एमपीएफआय (इंजेक्शनवालं) ते सांगा, आणि जमलं तर जुनं पॅकिंग सोबत घेऊन जा, वर ठेवून भोकं जुळवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तर झालं काय होतं. आंबोली घाटात गाडी तापली, काटा वर, बाजूला घेतली, व्हायचं ते झालं. तेव्हा त्या मोठ्या गॅरेजनं हेड खोललं, नवीन गॅस्केट टाकलं, संध्याकाळी गाडी हातात. बिलावर एक ओळ, 'हेड गॅस्केट रिप्लेस', खाली लेबर, खाली जीएसटी. आम्ही खूश, चटकन झालं म्हणून. काही महिने गाडी बरी चालली आणि मग हळूहळू परत तेच, पण यावेळी एकदम नाही, चोरपावलानं. रोज सकाळी बघावं तर डब्यातलं कूलंट थोडं कमी, खाली जमिनीवर एक थेंब नाही. थंडी नसताना सायलेन्सरमधनं पांढरा धूर, आणि सुरू करून दोन मिनिटं होत नाहीत तोवर रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा कडक. हे शेवटचं लक्षण नीट ध्यानात ठेवा. इंजिन अजून गरम झालेलंच नाही मग पाण्याला प्रेशर आलं कुठनं? ते पाण्याचं नाहीच, ते सिलिंडरमधलं जळलेल्या गॅसचं प्रेशर असतं, पॅकिंग फुटलेल्या जागेतनं पाण्याच्या वाटेत घुसलेलं.

ऑइलच्या टोपणाखाली साय दिसली की लोक लगेच घाबरतात, त्याचं एक सांगतो. पावसाळ्यात गाडी नुसती घर ते मंडई फिरत असेल तर टोपणाखाली थोडी पिवळट साय येतेच, ती आतल्या वाफेची, त्यावरनं गॅस्केट गेलं म्हणून ठरवू नका. डिपस्टिक काढून बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं दिसायला लागलं तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका, टो करून न्या, कारण ते पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला जातं आणि मग गॅस्केटच्या पैशात क्रँकचं काम निघतं.

आता मेस्त्री. यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, बोर्ड नाही, गूगलवर पिन नाही, मावसभावाची ओम्नी यांनी बांधली होती म्हणून कळलं. गाडी दाखवायला नेली तर म्हणाले, "आत्ता गरम हाय, उद्या सकाळी थंडगार असताना आणा, नाहीतर आज हितंच ठेवून जावा." ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर रेडिएटरची कॅप काढली, पाणी गळ्यापर्यंत भरलं, स्टार्टर मारला, आणि पाण्यात बुडबुडे. एकदोन नाही, सोडा फोडल्यासारखे सलग. मग तिन्ही प्लग काढून प्रेशर गेज लावलं. तीन नंबरचा सिलिंडर एकशे साठ पीएसआयच्या आसपास, एक आणि दोन त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. "शेजारचे दोघं बी एकदम पडल्यात म्हणजे मधली भिंत गेलीय," एवढंच बोलले. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकाच वेळी पडलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या आधी दोघांच्या मधली पॅकिंगची पट्टी बघायची, हे साधं गणित आहे, पण मोठ्या गॅरेजात हे गेज पेटीतनं बाहेर निघालंच नव्हतं.

मी म्हणलं, "मेस्त्री, मग गॅस्केट टाकून द्या की परत." तर ते म्हणाले, "टाकतो ओ दादा, अर्धा दिवसाचं काम. पण मागच्या वेळचं का गेलं ते सांगा आधी. ते न बघता टाकलं तर हे बी जाणार." हा माणूस मला तिथंच आवडला. गाडी तशीही दोन वर्षं ऑइल पीत होती, ऑइल सीलं गळत होती, टायमिंग बेल्ट कधी बदललाय कुणालाच आठवत नव्हतं, मग वडिलांशी बोलून ठरवलं की हेड उतरतंयच तर इंजिन पूर्ण बांधूनच घेऊ. वडील म्हणाले "कर," म्हणजे पैसे मी द्यायचे.

हेड उतरवताना मी थांबलो होतो. बोल्ट सोडवायची पण एक रीत असते, बाहेरच्या टोकाकडनं सुरू करून मध्याकडं यायचं, आणि एकेक पूर्ण सोडायचा नाही, सगळे थोडे थोडे ढिले करत जायचं. आणि इंजिन गार पाहिजे, गरम असताना अॅल्युमिनियमचं हेड सोडलं की ते वाकायला बघतं. हेड बाजूला ठेवलं आणि मेस्त्रींनी जुनं पॅकिंग दोन्ही हातांनी अलगद उचलून माझ्याकडं दिलं, "बघा तुमच्या गॅरेजवाल्याची कला."

एक आणि दोनच्या मधली पट्टी, जी मुळातच बोटाएवढी पण रुंद नसते, ती काळी पडून मध्येच जळून गेलेली. सिलिंडरच्या भोकाभोवती जी स्टीलची रिंग असते ती एका बाजूला चपटी झालेली आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्यासारखी, म्हणजे हेड तिथं नीट बसतच नव्हतं, दाब आलाच नव्हता. पाण्याच्या भोकांभोवती गंजाची खपली. आणि सगळ्यात भारी म्हणजे दोन्ही बाजूंनी लावलेलं करड्या रंगाचं सिलिकॉन! हेड पॅकिंगला. ते दाबल्यावर बाहेर आलेलं, एका पाण्याच्या भोकात लोंबत होतं, अर्धं भोक बंद. पाणीच फिरलं नाही तर त्या कोपऱ्यात इंजिन तापणारच की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिलिकॉन चेंबरला, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीला, चालतं, वॉटर पंपाला काही ठिकाणी चालतं, पण हेडच्या पॅकिंगला कंपनीनं सांगितलेलं नसेल तर काही म्हणजे काही लावायचं नसतं, ते कोरडंच बसवायचं. हेडचा फेस, म्हणजे ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू, खराब आहे हे झाकायला ते लावलेलं असतं.

इथनं हेड गेलं उद्यमनगरात. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, बोरिंग, पॅटर्नवाले यांचं गावच आहे, ऑइल इंजिनांच्या काळापासनं. तिथल्या गल्लीत पोळपाटाएवढ्या जागेत माणूस असं काम करतो की मोठ्या शहरातल्या वर्कशॉपनं बघत बसावं. आमचा हेडवाला असाच. दुकानाचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय टाकत नाही. वय साठीच्या पुढं, कानात बोळा, बोलणं कमी.

त्यांनी हेड हातात घेतलं, ब्लेडनं जुन्या पॅकिंगचे तुकडे काढले, आडवं ब्लेड धरून, धारेनं खणून नाही. शेजारी एक पोरगं ड्रिलला तारेचा ब्रश लावून दुसऱ्या कुणाचं तरी हेड साफ करत होतं, त्याला लगेच ओरडले. अॅल्युमिनियम मऊ असतं, पॉलिश पेपरची चकती किंवा तारेचा ब्रश फिरवला की डोळ्याला चकचकीत दिसतं पण तिथं खोलगा पडतो, आणि त्या खोलग्यातनंच पुढं गॅस निसटतो. शिवाय त्या चकतीची पावडर ऑइलच्या वाटेत गेली तर बेअरिंगची वाट.

मग सरळपट्टी. पट्टी हेडवर आडवी, उभी, आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खाली फिलर गेजची पानं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, सरकवून बघायची. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपर्यंतचं माफ असतं, त्याच्या पुढं फेस मारायला, म्हणजे मशिनवर कापून सपाट करायला लागतो. मला म्हणाले, "तुम्हीच घाला पान." ०.०५ चं पान तर लोण्यात सुरी जावी तसं गेलं. ०.१० गेलं. एका कर्णावर ०.१५ पण गेलं, थोडं अडखळत, आणि जागा कुठली तर बरोबर एक-दोनच्या मधली. बस, मागच्या वेळचं गॅस्केट का गेलं याचं उत्तर तिथं माझ्या हातात होतं. ०.१५ मिमी म्हणजे साध्या कागदाच्या दीड जाडीएवढं. एवढ्या फटीसाठी हेड दुसऱ्यांदा उतरवायला लागलं, आणि ही पट्टी लावायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

फेस मारायच्या आधी त्यांनी हेडचं प्रेशर टेस्टिंग केलं. पाण्याची भोकं रबर आणि प्लेट लावून बंद, एका भोकातनं हवा, आणि हेड गरम पाण्यात. क्रॅक असेल तर तिथनं बुडबुडे येतात, आणि काही क्रॅक हेड गरम झाल्यावरच उघडतात म्हणून गार पाण्यात टेस्ट करून उपयोग नाही. आमचं हेड निघालं धड. क्रॅक निघाली असती तर फेस मारायचे पैसे वाया, म्हणून टेस्ट आधी. हा क्रम पण लक्षात ठेवा, उलट्या क्रमानं करून दोन्हीचे पैसे घेणारे लोक आहेत.

फेसिंग म्हणजे नुसतं घासून सपाट करणं नाही. त्यांनी बारीक बारीक कट घेतले, प्रत्येक कटनंतर बघायचे, आणि जिथं शेवटचा काळा डाग गेला तिथं थांबले. मी उगाच म्हणलं अजून एक कट घ्या की छान दिसेल, तर हसले. जेवढं जास्त कापाल तेवढी पेट्रोल जळायची वरची जागा लहान होणार, कॉम्प्रेशन वाढणार, साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागणार, आणि हेड खाली आल्यानं टायमिंग बेल्टचा हिशोब पण किंचित हलतो. आणि पुढच्या वेळी कापायला काहीतरी शिल्लक पाहिजे. मग सरफेस प्लेटवर निळा रंग लावून हेड घासून दाखवलं, निळं सगळीकडं सारखं उमटलं. फोटो काढलाय, तो वडिलांना दाखवल्यावर ते म्हणाले "बरं," जे आमच्याकडं कौतुकच समजायचं.

व्हॉल्व्ह पण तिथंच केले. दोन गाइड ढिल्या होत्या, बदलल्या, सीट कट केली, व्हॉल्व्ह घासून बसवले आणि मग हेड उलटं ठेवून पेट्रोल जळायच्या खोलग्यांत रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी पोर्टमध्ये ओल नाही म्हणजे व्हॉल्व्ह बसले. यंत्रबिंत्र काही नाही, पण या टेस्टवर माझा कुठल्याही प्रिंटेड रिपोर्टपेक्षा जास्त विश्वास आहे. सगळ्याचे पैसे मिळून त्या एसी वेटिंग रूमवाल्यांच्या नुसत्या लेबरपेक्षा कमी झाले. हे मला अजून पचलेलं नाही.

एक राहिलं, ब्लॉक. हेडचा फेस सगळे बघतात, ब्लॉकचा कुणी बघत नाही. मेस्त्रींनी तीच पट्टी ब्लॉकवर पण लावली. ब्लॉक बिडाचा, तो सहसा वाकत नाही, पण भोकांच्या कडेला गंजून खड्डे पडतात, खास करून ज्यांनी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय त्यांच्या इंजिनात. आमचा ठीक निघाला. वडिलांनी सुरुवातीपासनं कूलंटच घातलंय, त्याचं श्रेय त्यांना.

आता पॅकिंग सेट, म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही आलाय ते. ओव्हरहॉलला सुटं हेड गॅस्केट घेऊ नका, फुल सेट घ्या. त्यात हेडचं, टॅपेट कव्हरचं, इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, कार्बोरेटरखालचं, वॉटर पंपाचं, थर्मोस्टॅटचं, चेंबरचं असं सगळं एका पाकिटात येतं, आणि चांगल्या सेटात व्हॉल्व्हची सीलं आणि क्रँक-कॅमची ऑइल सीलं पण. काही सेटात सीलं नसतात, पाकिटावर वाचून घ्या, नाहीतर मेस्त्री इंजिन अर्धं बांधून तुम्हाला परत दुकानात पळवतात.

दुकानात तीन भाव सांगितले. कंपनीचं मारुती जेन्युइन, टॅलब्रोसचं, आणि "साहेब हे बी चालतं" वालं साध्या प्लास्टिकच्या पिशवीतलं. शेवटचं हातात घेतलं तरी कळतं. भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या, सिलिंडरची स्टील रिंग एका ठिकाणी वर आलेली, आणि वाकवून बघितलं तर पावडर सांडली. मी टॅलब्रोसचं घेतलं. फरिदाबादची कंपनी, १९५६ पासनं गॅस्केट बनवते. फिनिशिंग एकदम स्वच्छ, सगळी भोकं ब्लॉकशी तंतोतंत, रिंगा सपाट, कार्डबोर्डला कसून बांधलेलं त्यामुळं वाकलेलं नव्हतं. हेडचं गॅस्केट घेताना त्याला घडी पडलेली आहे का ते आवर्जून बघा, दुकानदार खिळ्याला टांगून ठेवतात, घडी पडली की ते गेलंच. अर्धा मार्क मी कापला तो एवढ्यासाठीच की आत कुठलं पॅकिंग कुठं लागतं याचा कागद नव्हता, मेस्त्रीला गरज नसते पण माझ्यासारख्या शेजारी उभं राहून प्रश्न विचारणाऱ्याला असते.

लोकल आणि चांगल्या सेटच्या किमतीत फरक किती म्हणाल तर या गाडीची अर्धी टाकी पेट्रोल पण येणार नाही तेवढा. तेवढ्यासाठी कोण जोखीम घेतं मला कळत नाही, पण दुकानदार म्हणाला की जास्त खप त्याच पिशवीवाल्याचा आहे.

काहीजण विचारतील की स्टीलच्या पातळ थरांचं, म्हणजे नव्या गाड्यांना येतं ते एमएलएस गॅस्केट जुन्या इंजिनाला टाकू का. ते उत्तमच असतं, पण त्याला हेड आणि ब्लॉक दोन्हीचा फेस आरशासारखा लागतो. जुन्या ब्लॉकचे बारीक ओरखडे ग्रॅफाइटचं मऊ पॅकिंग पोटात घेतं, स्टीलवालं नाही घेत. त्यात ब्लॉक बीड आणि हेड अॅल्युमिनियम, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गाडी तापली-गार झाली की प्रत्येक वेळी हेड पॅकिंगवर किंचित सरकतं. बिचारं पॅकिंग मध्ये सापडलेलं. म्हणून इंजिनासोबत मुळात जे येत होतं त्याच जातीचं टाका.

आणि एक महत्त्वाचं. खूप जुन्या गाड्या, फिअॅट, अॅम्बॅसिडर, जुन्या जीपा, यांच्या मूळ पॅकिंगमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. ते कोरडं खरवडून वर हवेचा पाइप मारू नका, पाण्यानं भिजवा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. गॅरेजात हे कुणी पाळत नाही म्हणून सांगतो.

फिटिंगला मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो. मेस्त्रींनी ब्लॉकमधली बोल्टची भोकं आधी टॅप फिरवून साफ केली आणि हवा मारून कोरडी केली. भोकाच्या तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबायला जागा नसते, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो पण हेड खाली दाबलेलंच नसतं, आणि जास्त जोर लावला तर ब्लॉक तडकतो. मग पॅकिंग, वरची खूण वर, ऑइल वर जायचं भोक ऑइलच्या भोकावर आहे का ते बोट ठेवून बघितलं. कोरडं. हेड डॉवेलवर (जागा धरणाऱ्या खुंट्यांवर) बसवलं आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराला टक करणारा पाना, काढला.

हा पाना बघून मला खरंच बरं वाटलं. "हाताला अंदाज हाय" म्हणणारे खूप भेटलेत. बोल्ट मध्यापासनं सुरू, मग गोल फिरत बाहेर, एका दमात नाही, तीन टप्प्यात. प्रत्येक टप्प्यात सगळे बोल्ट, मग पुढचा आकडा. शेवटच्या फेरीत प्रत्येक बोल्टला पाना टक करून वाजेपर्यंत, आणि मग परत एकदा पहिल्यापासनं सगळे तपासले. त्या वेळात फोन वाजला तर उचलला नाही. त्यांचा पोरगा म्हणाला, "हेड आवळताना बाबा जेवायला बोलावलं तरी येत नाहीत."

खालच्या ऑइल चेंबरला थोडं अॅनाबॉण्ड सिलिकॉन लावलं, शेंगदाण्याएवढी नाही, दोऱ्याएवढी रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या, बेल्ट नवीन, टॅपेट फिलर गेजनं सेट केले, रेडिएटर बाहेर धुऊन आणला, कॅप नवीन. कॅपला लोक कमी लेखतात. कॅपची स्प्रिंग धड असेल तर आतलं पाणी दाबाखाली राहतं आणि शंभराच्या बरंच पुढं गेल्याशिवाय उकळत नाही, कॅप मेली की घाटात शंभराच्या आसपासच खळखळ. एवढ्याशा वस्तूपायी गॅस्केट जातं.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल मेस्त्री पाहुणे लागतात काय. एक, वेळ. "बुधवारी देतो" यातला बुधवार कुठल्या महिन्यातला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मध्येच कुणाचा तरी टेम्पो आला, तो धंद्याचा म्हणून आधी, मग लग्नसराई, मग बोरिंगवाल्याकडं लाइन. दोन, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं, आणि गेलं की चहा पाजतात त्यामुळं भांडता येत नाही. तीन, पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब, पार्ट्सच्या पावत्या मात्र सगळ्या दिल्या आणि जुने पार्ट पण पोत्यात भरून दिले, हे चांगलं. चार, आणि ही खरी तक्रार : थर्मोस्टॅट काढून टाकायचा आग्रह. "आपल्या हवेला नको ओ, पाणी मोकळं फिरू दे." जुन्या मेस्त्र्यांपैकी निम्मे हेच म्हणतात. मी ऐकलं नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हव्या त्या तापमानाला यायलाच खूप वेळ घेतं, तोवर मिश्रण घट्ट, पेट्रोल जास्त, रिंगा-सिलिंडर जास्त घासणार, आणि नवीन रिंगा टाकलेल्या इंजिनाला तर हे अजिबात नको. गरम पाण्याच्या पातेल्यात नवीन थर्मोस्टॅट टाकून तो उघडतो का ते त्यांच्याच शेगडीवर बघितलं, उघडला, बसवला. मेस्त्री थोडे नाराज झाले पण बसवला त्यांनीच.

गाडी घेतल्यावर सुरुवातीला ताणली नाही, सतत एका स्पीडला पण ठेवली नाही, आणि पहिलं ऑइल लवकरच बदललं, त्यात बारीक चकाकी होती, नवीन रिंगांची असतेच. मेस्त्रींनी गार इंजिनावर हेडचे बोल्ट परत एकदा तपासले. हे सगळ्याच इंजिनांना लागत नाही, काही गॅस्केटच्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की परत आवळू नका, तेव्हा वाचा. त्यानंतर गगनबावड्याकडनं खाली कोकणात जाऊन आलो, येताना चढाला चौघं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. काटा मध्याच्या खालीच. फॅन मध्ये मध्ये लागत होता, बंद होत होता, तसंच पाहिजे. डब्यातल्या कूलंटची खूण जिथल्या तिथं आहे, धूर नाही, आणि सकाळी अर्ध्या स्टार्टरला उचलते.

तुमची डिझेल असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. बऱ्याच डिझेल इंजिनांत हेडचं गॅस्केट दोन-तीन जाडीचं मिळतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरनं जाडी कळते, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून त्याप्रमाणे निवडायचं असतं. काही डिझेल हेडना फेस मारायचीच परवानगी नसते. आणि नव्या गाड्यांचे बरेचसे हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे, ते एकदा निघाले की परत वापरायचे नाहीत, नवीनच घ्यायचे. गॅरेजवाल्यानं अंदाजपत्रकात बोल्ट धरलेत का, हेड कुठं पाठवणार आणि पट्टी लावताना तुम्हाला बघू देणार का, हे तीन प्रश्न गाडी सोडायच्या आधी विचारा. उद्यमनगरातल्या हेडवाल्याचा पत्ता पाहिजे असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून देतो, पण जाताना हेड धुऊन न्या, ऑइलनं माखलेलं नेलं तर आधी बोलून घेतात.